फ्लेक्सवर रेघ उमटली, तर आधी काय तपासावे?

सदर : जोडधंदा



दूध, कोंबड्या, शिवणयंत्र, पिठाची गिरणी या जोडधंद्यांच्या रांगेत आता आणखी एक धंदा येऊन बसला आहे. बाजाराच्या प्रत्येक गावात फ्लेक्स छापण्याचे एक तरी दुकान दिसते. वाढदिवस, लग्न, जत्रा, गणपती, शिवजयंती, श्रद्धांजली, खताच्या दुकानाची पाटी, रोपवाटिकेचा फलक, सारे तिथेच छापले जाते. घरची चार एकर जमीन दोघा भावांना पुरत नाही, शिकलेल्या मुलाला नोकरी लागत नाही, म्हणून कर्ज काढून हे यंत्र घेतलेली पुष्कळ घरे आहेत. धंदा वाईट नाही. पण यंत्र नाजूक आहे, आणि ते बंद पडले तरी कर्जाचा हप्ता बंद पडत नाही.

अशाच एका घरातून आलेले पत्र या वेळी घेतले आहे. सोलापूर जिल्ह्यातील एक भगिनी लिहितात, की त्यांचे यजमान आणि दीर यांनी मिळून पतसंस्थेच्या कर्जातून सहा फुटी जुने यंत्र घेतले. पंधरा दिवसांपासून छपाईत आडव्या पांढऱ्या रेघा येतात आणि माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. एका श्रद्धांजलीच्या फलकावर म्हाताऱ्या बाबांचा चेहरा असा काही आला, की घरच्यांनी तो फलक परत केला. शहरातून आलेल्या मेकॅनिकने पाच मिनिटांत सांगितले, की हेड गेले, नवे घाला. नव्या हेडसाठी अंगावरचे दागिने गहाण ठेवावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, दागिने तूर्त डब्यातच राहू द्या. हेड गेलेले असेलही. पण ते गेले आहे हे कोणी तपासून दाखवलेले नाही. या यंत्रात हेड हा सर्वांत महागाचा भाग. काही हेडांची किंमत चांगल्या दुभत्या म्हशीच्या घरात जाते. उलट छपाई बिघडण्याची बरीचशी कारणे अशी आहेत, की ती दूर करायला काही शे रुपये आणि तासभर वेळ पुरतो. ती न पाहता हेड बदलले, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. नवे हेड बसते, आणि आठ दिवसांत त्याच रेघा पुन्हा उमटतात.

यंत्र छापते कसे?

हेडच्या तळाशी एक पातळ पत्रा असतो. त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांनाच नोझल म्हणतात. प्रत्येक छिद्रामागे पिझो नावाचा पदार्थ बसवलेला असतो. विजेचा इशारा मिळाला की तो किंचित आकार बदलतो आणि शाईचा एक थेंब बाहेर ढकलतो. मोठ्या फ्लेक्सच्या यंत्रावर चालणाऱ्या कोनिका ५१२ या हेडला ५१२ छिद्रे असतात. एप्सनच्या डीएक्स-५ ला १,४४० आणि आय-३२०० ला ३,२०० असतात. हेड डावी-उजवीकडे पळते, फ्लेक्स थोडा थोडा पुढे सरकतो, आणि निळी, गुलाबी, पिवळी व काळी या चार शाईंच्या ठिपक्यांतून चित्र तयार होते.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लवकर समजेल. एकच तोटी बंद असेल, तर कचरा त्या तोटीत असतो. एक अख्खी नळी कोरडी असेल, तर आपण तोट्या उपटत बसत नाही, फिल्टर आणि व्हॉल्व्ह पाहतो. साऱ्या शेतातच पाणी कमी असेल, तर मोटारीकडे जातो. फ्लेक्सच्या यंत्रालाही हाच विचार लावावा. त्यासाठी कागद एकच लागतो, तो म्हणजे टेस्ट प्रिंट.

पहिली तपासणी : टेस्ट प्रिंट

प्रत्येक यंत्रात नोझल तपासण्याची छपाई असते. तीत प्रत्येक छिद्र आपली एक छोटी रेघ काढते. ही छपाई लागोपाठ तीन वेळा काढा, तीनही पट्ट्या एकाखाली एक ठेवा आणि उजेडात पाहा. पिवळ्या रेघा पांढऱ्यावर नीट दिसत नाहीत. निळ्या जिलेटिन कागदातून पाहिले की त्या काळपट होऊन स्पष्ट दिसतात.

आता तीन गोष्टी पाहायच्या.

तीनही पट्ट्यांत त्याच त्या जागी रेघ नाही, म्हणजे ते छिद्र वाळलेल्या शाईने बंद आहे किंवा त्याला वीज पोचत नाही.

प्रत्येक पट्टीत वेगवेगळ्या जागी रेघा गळतात, म्हणजे छिद्रे चांगली आहेत. शाईच्या वाटेत हवा शिरली आहे किंवा शाई पुरेशी येत नाही.

रेघ आहे पण वाकडी आहे, म्हणजे छिद्राच्या तोंडाशी धूळ, फ्लेक्सचा तंतू किंवा सुकलेली शाई चिकटली आहे.

चेहरे हिरवट येतात याचा अर्थ गुलाबी शाई कमी पडते आहे. निळी कमी पडली तर चेहरा तांबूस-नारिंगी होतो, आणि पिवळी कमी पडली तर जांभळट दिसतो. तेव्हा ताई, तुमच्याकडे आधी गुलाबी रंगाच्या रेघा पाहाव्यात.

दुसरी तपासणी : शाईची वाट

टेस्ट प्रिंट चांगली येते आणि मोठी छपाई मात्र बिघडते, असे पुष्कळदा होते. कारण टेस्ट प्रिंटला शाई अगदी थोडी लागते. म्हणून ज्या रंगाचा संशय आहे त्या एकाच रंगाचा गच्च भरलेला पट्टा यंत्राच्या पूर्ण रुंदीत फूट-दोन फूट छापा. सुरुवातीला रंग भरगच्च आणि पुढे पुढे फिका, असे झाले तर हेडला दोष देऊ नका. शाई मागून पोचत नाही.

मग वाट शोधत मागे जा. बाटलीत शाई आहे का? झाकणाचे हवा घेण्याचे छिद्र बुजले आहे का? नळी कुठे दुमडली आहे का? सांध्यात हवेचे बुडबुडे दिसतात का? हेडवर डॅम्पर असेल, तर तो अर्ध्याहून जास्त शाईने भरलेला असावा. त्याच्या आत बारीक जाळी असते, ती गाळाने बुजते. मोठ्या यंत्रात छोटी टाकी, तिचा तरंगता गोळा, पंप आणि फिल्टर पाहावे. डॅम्पर आणि फिल्टर ही काही शे रुपयांत मिळणारी वस्तू आहे. ती ठरावीक काळाने बदलायचीच असते. ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर आपण बदलतोच ना, तसे.

शाई एकदम स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्याच कंपनीची बाटली अर्ध्या टाकीत ओतू नये. दोन जातीच्या शाया एकत्र आल्या की कधी कधी दह्यासारख्या फाटतात, आणि तो साका थेट हेडात जाऊन बसतो. शाई बदलायचीच असेल, तर आधी सगळी वाट धुऊन घ्यावी. मुदत संपलेली शाई घेऊ नये. बाटली वापरण्यापूर्वी हलकेच हलवावी, घुसळू नये.

तिसरी तपासणी : कॅप आणि सफाई

सहा फुटी यंत्रात हेड ज्या जागी विश्रांती घेते तिथे रबराची कॅप असते. ती हेडाला घट्ट बसते, म्हणून छिद्रे वाळत नाहीत, आणि सफाईच्या वेळी पंप तिच्यातूनच शाई ओढतो. कॅपच्या कडेवर वाळलेली शाई असेल किंवा रबर चिरले असेल, तर पंप नुसती हवा ओढतो. तुम्ही दहा वेळा सफाईचे बटण दाबले तरी उपयोग होत नाही.

तपासायला सोपे आहे. हेड बाजूला असताना कॅपमध्ये सफाईचे द्रावण भरा. ते आपोआप लगेच निघून जाता कामा नये. पंप चालू केला की मात्र ते ओढले गेले पाहिजे. ओढले गेले नाही, तर नळी तुंबली आहे किंवा पंप थकला आहे. हा दोष ओळखला, तर हेडचा खर्च पुष्कळदा वाचतो.

सफाईचेही पथ्य आहे. दोन-तीन वेळा सफाई करूनही छिद्र उघडले नाही, तर तासभर थांबावे. कॅपमध्ये द्रावण भरून हेड त्यावर टेकवून ठेवावे, म्हणजे वाळलेली शाई भिजून सुटते. लागोपाठ सफाई करत राहिल्याने महागाची शाई वाया जाते आणि कधी उलट हवा आत शिरते. द्रावण त्याच शाईच्या जातीचे असावे. सोल्व्हंट शाईच्या हेडाला पाणी लावू नये. साधे फडके, कापूस, टूथब्रश हेडच्या पत्र्यावर फिरवू नये. तंतू न सोडणारी काडी किंवा कापड द्रावणात भिजवून अलगद टेकवावे. सिरिंजने जोर करून द्रावण मारणे हा तर हेड फोडण्याचा हमखास मार्ग आहे.

चौथी तपासणी : फ्लेक्स सरकतो कसा?

टेस्ट प्रिंट निर्दोष आहे, शाई भरपूर येते, तरीही ठरावीक अंतरावर आडवे पट्टे येतात आणि ते सगळ्या रंगांत सारखेच आहेत, असे झाले तर दोष फ्लेक्स पुढे सरकण्यात आहे. पांढरी रेघ पडत असेल, तर फ्लेक्स जरुरीपेक्षा जास्त सरकतो आहे आणि मध्ये फट राहते. गडद रेघ पडत असेल, तर तो कमी सरकतो आहे आणि छपाईवर छपाई चढते. पेरताना पाभर जास्त सरकली तर मध्ये पट्टा मोकळा राहतो आणि कमी सरकली तर तास तासावर चढते, तसाच हा प्रकार.

यंत्रात सरकण्याचे माप बदलण्याची सोय असते. ते थोडे थोडे बदलून पाहावे. नवा रोल लावला, फ्लेक्सची जात बदलली किंवा हीटरचे तापमान बदलले, की हे माप पुन्हा जुळवावे लागते. भरलेला रोल जड असतो, संपत आलेला हलका. त्यामुळेही ओढ बदलते. पट्टा एकाच बाजूला येत असेल, तर रोल तिरपा लागला आहे का आणि दाबाची चाके दोन्हीकडे सारखी दाबतात का, ते पाहावे.

अक्षर दुहेरी दिसते किंवा कडा फुटतात, तेव्हा छपाई एकाच दिशेने करून पाहावी. एका दिशेने चांगली आणि दोन्ही दिशांनी वाईट आली, तर जाता-येताची जुळणी चुकली आहे. ती यंत्रातूनच दुरुस्त होते. एका दिशेनेही कडा धूसर आल्या, तर हेड फ्लेक्सपासून जास्त उंच आहे का ते पाहावे. साधारण दोन-तीन मिलीमीटर अंतर चालते. नेमके माप माहितीपत्रकात असते. फार खाली आणले, तर फ्लेक्सची उचललेली कड हेडाला घासते, आणि मग मात्र हेड खरोखरच जाते.

उभे पट्टे येतात किंवा हेड अडखळत पळते, तेव्हा मागची पारदर्शक एन्कोडर पट्टी पाहावी. तिच्यावरच्या बारीक रेघा मोजूनच यंत्राला हेड कुठे आहे ते कळते. शाईचे तुषार तिच्यावर बसले की मोजणी चुकते. ती माहितीपत्रकात सांगितलेल्या द्रवाने हलक्या हाताने पुसावी. छपाईचे सोल्व्हंट लावले, तर काही पट्ट्यांवरच्या रेघाच पुसून जातात.

पाचवी तपासणी : हवा, ऊब आणि वीज

थंडीच्या सकाळी शाई घट्ट होते आणि छिद्रांतून नीट सुटत नाही. यंत्र तापू द्यावे, मग छापावे. उन्हाळ्यात कोरड्या हवेत फ्लेक्सवर स्थिर वीज साठते. अक्षरांच्या भोवती बारीक तुषार दिसतात ते तिच्यामुळे. खोली फार कोरडी होऊ देऊ नये आणि यंत्राचे अर्थिंग पक्के असावे. पावसाळ्यात शाई वाळत नाही, रंग डागाडागांनी गोळा होतो. तेव्हा हीटरचे तापमान पाहावे, छपाईचा वेग थोडा कमी करावा आणि फलक ओला असताना गुंडाळू नये. रोल छापण्यापूर्वी एक दिवस त्याच खोलीत आणून ठेवावा आणि हाताळताना त्यावर घामट बोटे लावू नयेत. फार हलका फ्लेक्स उबेने सुरकुततो. शिवाय १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या प्लास्टिक व पीव्हीसी फलकांवर देशभर बंदी आहे, हेही रोल घेताना ध्यानात ठेवावे.

गावातली वीज हा तर वेगळाच विषय. छपाई चालू असताना वीज गेली, की हेड कॅप सोडून मध्येच उघडे राहते आणि वाळू लागते. हेड जागेवर जाऊन बसेल इतका वेळ पुरणारा यूपीएस असलाच पाहिजे. तो नसेल आणि यंत्राची रचना परवानगी देत असेल, तर मुख्य बटण बंद करून हेड हाताने सावकाश कॅपवर नेऊन ठेवावे. अर्थिंग जाणत्या वायरमनकडून मोजून घ्यावे. यंत्र चालू असताना हेडची पट्टीवायर कधीही काढू नये. तिच्यावर शाईचा थेंब पडला तरी हेड आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात.

फोटोच वाईट असेल तर?

सगळेच दोष यंत्राचे नसतात. गिऱ्हाईक मोबाईलवरचा फिरत फिरत आलेला फोटो देते आणि दहा फुटी फलक मागते. १,६०० ठिपके रुंदीचा फोटो दहा फुटांवर ताणला, तर इंचाला जेमतेम १३ ठिपके येतात. जवळून चेहरा चौकटी-चौकटींचा दिसणारच. छापण्यापूर्वी संगणकावर तो मोठा करून गिऱ्हाइकाला दाखवावा आणि मूळ फोटो मागावा. मराठी मजकुराची जोडाक्षरे तुटून येत असतील, तर छपाईला देण्यापूर्वी अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून घ्यावे.

मग हेड गेले हे ठरवायचे कसे?

शाईची वाट साफ आहे, कॅप ओढते, भिजवून सफाई झाली आहे, तरीही त्याच जागी बऱ्याच रेघा नाहीत, अशा वेळी हेडचा संशय धरावा. त्यातही मेकॅनिकला दोन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा. पहिली, द्रावण त्या छिद्रांतून बाहेर पडते का. द्रावण पडते पण छपाई होत नाही, तर दोष विजेचा आहे. दुसरी, यंत्र पूर्ण बंद करून वायर बदलून किंवा दुसऱ्या जोडणीवर लावून पाहणे. दोष वायरीबरोबर दुसरीकडे गेला, तर बोर्ड किंवा वायर खराब आहे. हेडाबरोबरच राहिला, तर हेड. चांगला मेकॅनिक हे आनंदाने दाखवतो. दाखवायला नाही म्हणेल, त्याला पैसे देण्यापूर्वी दुसऱ्याला विचारावे. नवे हेड घातलेच, तर त्यावर छापलेला व्होल्टेजचा आकडा यंत्रात भरला आहे ना, हे पाहून घ्यावे. रंग गडद यावा म्हणून तो आकडा वाढवणे म्हणजे हेडचे आयुष्य कमी करणे.

ताई, तुमच्या पत्रात दोन खुणा आहेत, हिरवट चेहरा आणि पांढरी रेघ. दोन्हींचे मूळ एकच असू शकते, गुलाबी शाई पुरेशी न येणे. आधी तीन टेस्ट प्रिंट, मग गुलाबीचा गच्च पट्टा, मग डॅम्पर आणि कॅप, या क्रमाने जा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. एवढे करूनही हेडच दोषी ठरले, तर तो खर्च डोळस असेल. तोवर परत आलेला श्रद्धांजलीचा फलक शेजारच्या दुकानातून चांगला छापून त्या घरी पोचवावा. गावात धंदा विश्वासावर चालतो, आणि दुःखाच्या घरचे काम लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

रोजची दिनचर्या

सकाळी पहिले काम टेस्ट प्रिंट. ती कापून तारीख घालून वहीत चिकटवावी. दूध संस्थेच्या पावत्या जपतो तसेच. दोष कधी सुरू झाला, कोणता रंग हळूहळू मंदावतो आहे, हे वही उघडली की दिसते. मेकॅनिकलाही ती दाखवावी.

संध्याकाळी वायपर आणि कॅपची कड द्रावणाने पुसावी, हेड कॅपवर नीट बसल्याची खात्री करावी. कोनिकासारख्या मोठ्या हेडांना माहितीपत्रकाप्रमाणे द्रावणाने धुऊन रात्री ओलसर राखावे. काम नसले तरी यंत्र दिवसेंदिवस बंद ठेवू नये. ऊसतोडीच्या किंवा पेरणीच्या घाईतही दिवसाला एक छोटी छपाई काढावी.

सोल्व्हंट पेट घेते आणि त्याचा वास अंगाला बाधतो. खोलीत हवा खेळती असावी, विडी-सिगारेट नको, हातात मोजे असावेत. लहान मुले आणि गरोदर बाई यांना त्या खोलीत बसवू नये. वाया गेलेली शाई गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. बंद डब्यात साठवून अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्यांकडे द्यावी.

जुने यंत्र विकत घेणाऱ्यांसाठी एकच सूचना. व्यवहारापूर्वी टेस्ट प्रिंट काढायला लावा, चारही रंगांचे गच्च पट्टे छापायला लावा, आणि अर्धा तास यंत्र उभे ठेवून तीच टेस्ट प्रिंट पुन्हा मागा. म्हैस घेताना आपण दोन्ही वेळचे दूध काढून पाहतो. इथेही तसेच करावे.